फोन एंगेज होता

आमच्या घरच्या फोनवर गल्लीतल्या पाच घरांचा हक्क होता. बाबांनी तो घेतला होता फुलांच्या ऑर्डरसाठी. पूजेच्या माळा, सत्काराचे हार, मयतीचे हार, सगळं फोनवर सांगायची पद्धत अकोल्यात तेव्हा नुकती पडत होती. पण फोन लागून आठ दिवस झाले नाहीत तोच शेजाऱ्यांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर वाटून टाकला, पुढे 'पीपी' लिहून. पीपी म्हणजे काय हे कोणालाच धड सांगता यायचं नाही, पण अर्थ सगळ्यांना कळायचा: या नंबरावर लावा आणि अमक्याला बोलवा म्हणा. मग आई भाकरीचं पीठ परातीत तसंच ठेवून, भरल्या हातानं फाटकापर्यंत जायची आणि हाक द्यायची, "वत्सलाबाई, तुमचा फोन हाय, मंदीचा." की समोरच्या घरातून वत्सलाकाकू पदर सावरत, एका पायात चप्पल असली तर असली, पळत यायच्या.

काकूंचं आणि फोनचं गूळपीठ होतं. एकट्या बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मंदा. ती माझ्याच वर्गातली, बालवाडीपासून एका बाकावरची, आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन दर्यापूरला गेलेली. काकू फोनवर बसल्या की बसल्याच. अमरावतीच्या भावाशी त्या भरीताच्या वांग्यापासून ते गल्लीतल्या मोडलेल्या सोयरिकीपर्यंत सगळं बोलायच्या, आणि तेही इतक्या मोठ्यानं की भावानं फोन ठेवला असता तरी अमरावतीला ऐकू गेलं असतं. बाबा कातावायचे. "हे बाई फोनवर बसली का ऑर्डरवाला दुसऱ्याच्या दुकानी जाते," म्हणायचे, पण काकूंच्या तोंडावर कधी नाही. कारण आमच्याकडे कढी-गोळे व्हायचे नाहीत असा आठवडा जायचा, पण काकूंच्या घरून कढी-गोळ्यांची वाटी आली नाही असा आठवडा जायचा नाही. मला ताप आला की आईच्या आधी त्यांना कळायचं.

आता माझं, म्हणजे सुनीचं, सांगते. मी अमरावतीला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पास झाले, आणि परत येऊन पुढच्या खोलीत ओल्या पोत्यांशेजारी झेंडू ओवत बसले. दोन वर्षं. पहाटे चारला आई-बाबांबरोबर उठायचं, सुया घ्यायच्या, उजाडेस्तोवर माळा करायच्या. ज्यांना फुलांच्या वासाचं कौतुक आहे त्यांनी महिनाभर त्या खोलीत झोपून बघावं. मला त्या वासाचा राग यायचा, बोटांना टोचलेल्या सुईचा राग यायचा, आणि डिप्लोमाच्या सर्टिफिकेटला आईनं प्लास्टिक लावून देवाजवळ टांगलं होतं त्याचा तर फारच. मग एक दिवस मी भांडून, दोन वेळा जेवण सोडून, एक जुना कॉम्प्युटर घरात आणवला. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेमही आणला, अमरावतीच्या ज्या सरांकडे मी क्लास केला होता त्यांच्याकडून. बाबा एवढंच म्हणाले, "पोळ्यापर्यंत पाहू. कामधाम आलं तं ठीक, नाही तं मशीन वापस आन् शेंदूरजनाचं स्थळ पक्कं." शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागा असलेलं घर होतं ते. माणसं वाईट नव्हती. पण मला हार ओवण्यातून उठून संत्र्याच्या पेट्या मोजायला जायचं नव्हतं.

मोडेमनं मला रडवलं. पहिले पंधरा दिवस तर तो नंबरच लावायचा नाही. डायल टोन नाही, असं इंग्रजीत लिहून गप्प बसायचा. मी रिसीव्हर कानाला लावायची, तर टोन चांगला घुमतोय. शेवटी सरांनी फोनवर सांगितलं की हा मोडेम बाहेरच्या देशातला, त्याला तिकडचा सलग टोन माहीत. आपल्या एक्स्चेंजचा टोन थरथरता, तो त्याला टोन वाटतच नाही. म्हणून त्याला सांगायचं, बाबा रे, टोनची वाट पाहू नको, सरळ नंबर लाव. तसं केलं. मग कळलं की आमच्या भागातलं एक्स्चेंज जुनं, त्याला बटणांचे सूर कळत नाहीत, चकतीच्या फोनसारखी टकटकच लागते. तेही बदललं. आता नंबर लागायला लागला. टक टक टक, मग शिट्टी, मग खरखर, आणि कनेक्ट. पण दीड-दोन मिनिटांत धाड. पुन्हा लावा, पुन्हा धाड. पत्र वाचण्यापुरतं जमायचं, पण एखादी मोठी फाइल पाठवायची म्हटली की अर्ध्यात तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

वेगाची गोष्ट मला फार उशिरा कळली. खोक्यावर छप्पन्न हजारांचा वेग लिहिलेला, म्हणून मी तो छप्पन्नवरच ठेवलेला. कमी कशाला करायचा, मी काय वेडी आहे? आईच्या हातातला गजऱ्याचा दोरा ओढला की तुटतो ते पाहून मला उमगलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी चिडून, सगळं करून थकले म्हणून, वेगाच्या यादीत एकेक पायरी खाली उतरत गेले आणि प्रत्येक पायरीला किती मिनिटं टिकतो ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. तेहतीसवर तीन मिनिटं. चौदावर अकरा. आणि शहाण्णवशेवर, जिथं शहाणा माणूस जाणारच नाही, तिथं तो बसला तो हललाच नाही. आमच्या खांबावरची तार इतकी गंजलेली होती की तिला तेवढंच झेपत होतं. घाई सोडली की जमतं, एवढंच.

पण सावकाश म्हणजे किती सावकाश, ते कळलं त्या शनिवारी. पुण्याच्या एका ऑफिसात शाळेचे प्रश्नसंच छापायचं काम चालायचं. त्यांना मराठी टाइप करणारं माणूस हवं होतं, घरून काम करणारं. त्यांनी मला नमुन्याची शंभर पानं दिली आणि कळवलं की शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ई-मेलनं आली पाहिजेत. पाचनंतर आलेलं बघणार नाही, कारण दुसरेही उमेदवार आहेत. कुरिअर चालणार नाही. ई-मेल जमतो का हेच त्यांना बघायचं होतं. पोळ्याला आठ दिवस उरले होते. शहरात माझ्या माहितीचं एकच इंटरनेटचं दुकान होतं आणि त्याचा मालक कुलूप लावून गावाला गेलेला. फाँटसकट बांधलेली ती फाइल शहाण्णवशेच्या वेगानं जायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागणार होती. तेवढा वेळ फोन अडकून राहणार. त्या काळात एकाच तारेवर दोन्ही चालायचं नाही, आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. कॉम्प्युटर लाइनवर असला की बाहेरून फोन लावणाऱ्याला एंगेज ऐकू यायचा, आणि आमच्या घरात मात्र घंटीचा आवाजही नाही.

त्याच दिवशी सकाळी दर्यापूरहून मंदाच्या नवऱ्याचा, रमेशरावांचा, फोन आला. मीच घेतला. मंदाचं पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं, पण पोळा झाल्यावर आणू म्हणता म्हणता दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. काकूंना हाक मारली. त्या बोलल्या, ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी एका मिनिटात फोन ठेवला.

तीनच्या सुमारास त्या आमच्याकडे आल्या आणि फोनच्या स्टुलाशेजारी पलंगावर बसल्या. आई-बाबा वावरात, दुसऱ्या दिवशीच्या पूजेची फुलं तोडायला गेलेले. घरात आम्ही दोघीच.

"तुमी निघाल्या नाही?" मी विचारलं.

"जवाईबापू म्हणे थांबा. डॉक्टरीन म्हणते, जमलं तं इथंच, नाही तं अमरावतीले न्या लागंन. आता मी दर्यापूरले जायीन आन् थे अमरावतीले निघतीन, मंग? चारच्या नंतर फोन करतो म्हणे, मंग सांगतो कुठं याचं थे." त्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या. "सुने, तुया मशीननं फोन तं बंद नाही ना पडत?"

मी मागं न बघता म्हणाले, "नाही काकू. येते फोन."

तेव्हा मला वाटलं होतं की चारच्या आत उरकेल. म्हणजे त्या घटकेला तो पुरता खोटेपणा नव्हता, अशी मी स्वतःची समजूत कितीदा तरी घातली आहे. पण उरकलं नाही. पहिल्यांदा लावला तो बारा टक्क्यांवर तुटला. बाहेर वारा होता, खांबावर तार हलत असेल. दुसऱ्यांदा तर सुरुवातच होईना. शेवटी चार वाजून पाच मिनिटांनी खरखर थांबली, पडद्यावर पट्टी उमटली आणि आकडा सरकायला लागला. एक टक्का. दोन टक्के. आता तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला पाचच्या आत वेळ नाही. आणि फोन आता येणार होता, हे मला ठाऊक होतं. मी पट्टीकडे बघत बसले.

काकू बोलत नव्हत्या. हेच मला सोसेना. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. वीस टक्के. समोरच्या घड्याळात सव्वाचार. "चार वाजून गेले ना वं," त्या म्हणाल्या. मी हं म्हणाले. एकतीस टक्के. माझ्या पाठीवरून घाम चालला होता. देवा, आत्ता त्यानं फोन लावलेला नसू दे, पाच मिनिटांनी लावू दे, असं मी घोकत होते. देवाजवळ टांगलेलं सर्टिफिकेट तिथंच होतं.

बावन्न टक्क्यांवर काकू उठल्या. "मेला तं नाही ना हा फोन? पाहू जरा," म्हणून त्यांनी रिसीव्हरकडे हात नेला.

"हात नका लावू." मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. रिसीव्हर उचलला असता तर कनेक्शन गेलं असतं, आणि त्यांच्या कानात ती खरखरही गेली असती. काकूंचा हात तसाच हवेत. ज्या बाईनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्यावर मी ओरडले होते, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जसं काही तिच्याच हातून चुकलं. मग मी आवाज मऊ करून म्हणाले, "रिसीव्हर उचलला का एंगेज लागते काकू. जावयांचा फोन येनार नाही मंग."

"हो ना वं बाई," त्या म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं." आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या, चुकून लागू नये म्हणून.

तशा त्या बसल्या. वीस मिनिटं आणखी. सत्तर टक्के, अठ्ठ्याहत्तर, नव्वद. एकदा मी तोडायला हात नेला, खरंच नेला, माउसवर बोट ठेवलं. ऐंशीच्या घरात होता आकडा. मग शेंदूरजना डोळ्यांपुढं आलं आणि बोट उचललं. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फाइल गेली. मी लाइन सोडली आणि फोनकडे बघितलं. आता वाज. तो वाजला नाही. पाच वाजले, साडेपाच वाजले. काकूंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

सहा वाजता वाजला. रमेशराव अमरावतीहून बोलत होते. ऑपरेशन करावं लागलं, मुलगी झाली, मंदा शुद्धीवर यायची आहे. काकू रडल्या, हसल्या, आणि मग मी त्यांच्याकडचं बोलणं ऐकलं. "नाही जी जवाईबापू. मी तिनापासून फोनापाशीच बसून हाय. वाजलाच नाही फोन." थोडा वेळ ऐकलं. "एंगेज? कसा एंगेज? कोनी हात बी नाही लावला." त्या रिसीव्हर ठेवून मला म्हणाल्या, "पाय बरं, म्हणते चारदा लावला. लावला असता तं वाजला नसता का?" आणि साडेसहाची बस धरायला पळाल्या.

काम मला मिळालं. सोमवारीच कळलं. शेंदूरजनाचं स्थळ बाबांनी स्वतः नाही म्हणून कळवलं, आणि मी पुढच्या खोलीतून कायमची उठले. आज अमरावतीत माझं ऑफिस आहे, चौदा बाया टाइप करतात, आणि लोक मला विचारतात की सुरुवात कशी झाली. मी मोडेमची, टोनची, शहाण्णवशेची गोष्ट सांगते. हसतात सगळे. पुढचं सांगत नाही.

बारसं दर्यापूरला झालं. मी काकूंबरोबर गेले. घुगऱ्या वाटून झाल्या, बाया पाळण्याजवळ, पुरुष बाहेरच्या खोलीत, आणि रमेशराव पाहुण्यांना हसत हसत सांगायला लागले, "सासूबाईले फोन लावावा तं आपुनच म्हातारं व्हाव. लेक दवाखान्यात, आन् यांच्या गप्पा चालूच." सगळे हसले. काकूंना ते झोंबलं. त्या मधल्या दारात आल्या. "मी कोनाशीच बोलली नाही. फोनाले हात बी नाही लावला. सुनी तिथं मशीनवर काम करून राहिली होती, तिनंच सांगितलं का उचलू नोका, एंगेज लागते. मंग मी उचलीन कावून?"

 सगळं खरं काकूंच्याच तोंडून बाहेर पडलं होतं, भर घरात. त्या खोलीत कॉम्प्युटर माहीत असलेलं एक जरी माणूस असतं तर त्यानं मला तिथंच धरलं असतं. कोणीच नव्हतं. काकू माझ्याकडे वळल्या. "इचारा तिले. सुने, सांग. मी बोलली का कोनाशी?"

"नाही," मी म्हणाले. "काकू कोणाशीच नाही बोलल्या."

नरो वा कुंजरो वा. एवढंच बोलून मी थांबले. रमेशरावांनी हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे मी खोटा," ते म्हणाले. "मी एसटीडीवर उभा राहून तीनदा लावला. चौथ्यांदा तिनं सोता लावला, दवाखान्याच्या फोनावरून, जीपमधी बसाच्या आधी. उभं राहता येत नव्हतं तिले. तेही खोटं?" काकूही तिखट. "मंग मी खोटी का?" त्या म्हणाल्या. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटत होता. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी पाळण्याची दोरी धरून उभी होते.

रमेशराव पुन्हा अकोल्याच्या त्या घराची पायरी चढले नाहीत. मंदा यायची, वर्षातून एकदा, सकाळच्या बसनं येऊन दुपारच्या बसनं जायची. मी कितीदा ठरवलं की सांगायचं. आधी वाटायचं काम जाईल, बाबांच्या कानावर जाईल. मग काम पक्कं झालं तेव्हा वाटायचं, आता इतक्या वर्षांनी काय उकरायचं. मनाशी वेळेचं गणितही मांडून ठेवलं होतं: सव्वाचारला फोन लागला असता तरी काकू ऑपरेशनच्या आधी अमरावतीला पोचल्याच नसत्या. गणित बरोबर आहे. आणि काकू? त्यांनी फोनवर बोलणं टाकलं. त्यांचा फोन आला तर ऐकायच्या, हो-नाही म्हणायच्या, आणि ठेवून द्यायच्या. भावाशीसुद्धा. "लोकाईचा फोन अडकते वं," म्हणायच्या. आणि गल्लीत कोणी माझं नाव काढलं की कौतुकानं सांगायच्या, "माया डोयासमोर पाठवलं तिनं पुन्याले. असा घाम फुटला होता पोरीले."

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर मंदा आणि मी मागच्या अंगणात बसलो होतो, ती खरकटं काढून थकलेली, मी तिच्याशेजारी. तिची मुलगी आत पाहुण्यांना पाणी देत होती. मंदा बोलता बोलता म्हणाली, "आई लय चांगली होती वं. पन एक गोष्ट माया मनातून कधी गेली नाही. मी त्या दिवशी चार नर्सा धरून उभी राहून फोन लावला. मले वाटे का मरतो मी, एकदा आईचा आवाज ऐकू दे. आन् थे कोनाशी तरी गप्पा मारून राहिली होती. वरून नाही म्हणे. मी कधी बोलली नाही तिले. पन मंग येनंच कमी केलं."

मी सांगितलं. सगळं. फाइल, आकडा, पुण्याचं ऑफिस, रिसीव्हरकडे गेलेला हात, माझं ओरडणं, मांडीखाली दाबलेले हात. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

 "तिनं नाही उचलला," मंदा म्हणाली.

"नाही. मी उचलू दिला नाही."

"दोन घंटे बसून होती?"

"तीन."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. पण तिचा आवाज अगदी साधा होता.

"मंग हे तू आई जिती होती तवा कावून नाही सांगितलं?"